पसंती आधी, आकडा मागाहून

बारावीच्या अर्थशास्त्रात उपयोगितेचा तक्ता असतो. पहिल्या संत्र्यापासून 10 एकक उपयोगिता, दुसऱ्यापासून 8, तिसऱ्यापासून 6, असे उतरत उतरत शून्य आणि त्याही पुढे उणे. मुले तक्ता वहीत उतरवतात, आलेख काढतात, गुण मिळवतात. क्वचित एखादी मुलगी विचारते, 'सर, हे 10 मोजले कशाने?' सर 'समजा' म्हणतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण समाधान मोजायची पट्टी कुणाकडेच नाही. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 1881 साली सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना अगदी गंभीरपणे मांडली होती. ते यंत्र अजून बाजारात आलेले नाही.

त्या मुलीला खरे उत्तर द्यायचे तर ते असे: 10 हा आकडा मोजलेला नाही, नेमलेला आहे. माणसाजवळ असते ती पसंती. हे त्याच्यापेक्षा बरे, ते याच्यापेक्षा बरे, एवढेच. विल्फ्रेदो पारेतोने 1906 च्या आपल्या ग्रंथात हे स्पष्ट केले की बाजारातले वर्तन समजण्यासाठी एवढा क्रम पुरतो. 1934 मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी मागणीचा सिद्धांत त्याच पायावर पुन्हा उभा केला. ज्या वस्तूला अधिक पसंती तिला मोठा आकडा द्या, बस. मग 10, 8, 6 काय आणि 1000, 3, 2 काय, क्रम तोच असेल तर दोन्ही तक्ते सारखेच खरे. 'दुसऱ्या संत्र्यात पहिल्याच्या चार पंचमांश समाधान' हे विधान मात्र त्यातून निघत नाही.

इथपर्यंतची गोष्ट पदवीच्या वर्गात सांगितली जाते. यापुढची सहसा सांगितली जात नाही, आणि माझ्या मते खरी गंमत आणि खरा धोका तिथेच आहे. क्रम असला म्हणजे त्याला आकडे देता येतातच, असे आपण धरून चालतो. शिवाय थोड्या ठिकाणी क्रम ठाऊक असला की उरलेल्या ठिकाणी तो पसरवता येतो, असेही धरून चालतो. पहिली समजूत चुकीची आहे. दुसरी बरीचशी बरोबर आहे, पण पसरवताना आपण स्वतःच्या खिशातले काय काय घालतो याचा हिशेब क्वचितच दिला जातो.

आधी पहिली समजूत. यादी मर्यादित असेल तर प्रश्नच नाही. प्रवेशाच्या अर्जात विद्यार्थी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो, तेव्हा रांगेतला क्रमांक हाच आकडा. यादी अनंत पण गणनीय असेल, म्हणजे एक, दोन, तीन करत तिच्यातल्या वस्तू ओळीने पुकारता येत असतील, तरीही जमते. 1895 मध्ये कॅन्टरने दाखवलेली युक्ती सोपी आहे. एकेक वस्तू पुकारा आणि आधीच्यांच्या मध्ये जिथे तिची जागा असेल तिथला एखादा अपूर्णांक तिला द्या. कोणत्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये आणखी एक असतोच, त्यामुळे जागा कधी संपत नाही.

गाडी अडते ती वस्तू एका सलग पट्ट्यावर पसरलेल्या असतात तेव्हा. शब्दकोशातला क्रम आठवा. आधी पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तरच दुसरे. जेईई मेनमध्ये दोघांचे एकूण गुण सारखे आले की आधी गणिताचे पाहतात, तेही सारखे असले तर भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे. ऑलिंपिकच्या पदकतालिकेतही आधी सुवर्ण, मग रौप्य, मग कांस्य. या उदाहरणांत गुण आणि पदके मर्यादित असल्यामुळे सगळे एका आकड्यात कोंबता येते. एका सुवर्णाची किंमत दहा लाख, रौप्याची हजार, कांस्याची एक धरली की झाले. पण दोन्ही घटक सलग बदलणारे असतील, वजन आणि लांबी यांसारखे, तर? जेरार देब्रू या फ्रेंच गणिती अर्थशास्त्रज्ञाने 1954 साली दाखवले की अशा कोशक्रमाला आकडे देताच येत नाहीत. कितीही हुशारीने देऊ म्हटले तरी नाही.

सिद्धता एका परिच्छेदात मावते आणि ती वाचकाने पाहावीच. समजा, असे आकडे आहेत. पहिल्या घटकाचे एक मूल्य घ्या, समजा 3.7. त्या मूल्यावर दुसरा घटक 0 असलेली वस्तू आणि 1 असलेली वस्तू, यांत दुसरी सरस. म्हणून तिचा आकडा मोठा, आणि दोन आकड्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा. आता पहिला घटक 3.8 करा, तिथेही अशीच मोकळी जागा, आणि ती पहिलीच्या पूर्णपणे वर, कारण 3.8 असलेली कोणतीही वस्तू 3.7 असलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा सरस. म्हणजे पहिल्या घटकाच्या प्रत्येक मूल्यासाठी एक स्वतंत्र मोकळी जागा, एकमेकींना न छेदणारी. प्रत्येक जागेत निदान एक परिमेय संख्या सापडेलच. ती तिथली खूण म्हणून उचला. पण पहिल्या घटकाची मूल्ये आहेत सगळ्या वास्तव संख्यांइतकी, म्हणजे अगणनीय, आणि परिमेय संख्या मात्र गणनीय. इतक्या खुणा आणायच्या कुठून? म्हणजे असे आकडे नाहीतच. पसंती पूर्ण आहे, सुसंगत आहे, तिच्यात कुठेही विरोधाभास नाही. तरी संख्यारेषेवर तिला पुरेल एवढी जागा नाही.

यावर देब्रूने दिलेला तोडगा म्हणजे सातत्य. अ ही वस्तू ब पेक्षा सरस असेल, तर अ च्या अगदी जवळच्या वस्तूही ब च्या अगदी जवळच्या वस्तूंपेक्षा सरस असाव्यात, अशी अट. कोशक्रम ही अट मोडतो; पहिल्या घटकात केसाएवढा फरक पडला की दुसऱ्यातला डोंगराएवढा फायदा निकामी. अट पाळली तर वस्तूंच्या नेहमीच्या अवकाशात पसंतीला संतत आकडे देता येतात, हे देब्रूचे प्रमेय. त्याच्या 1954 च्या लेखात एका उपप्रमेयाची सिद्धता सदोष होती, ती त्याने 1964 मध्ये दुरुस्त केली. 1983 साली त्याला नोबेल मिळाले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उपयोगितेचे फलन ज्या सहजतेने लिहिले जाते, त्या सहजतेमागे ही अट उभी असते.

अर्थशास्त्रज्ञ कोशक्रमाला विकृत उदाहरण म्हणून बाजूला सारतात. माणसे तसे वागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. 'आधी पोरांचे शिक्षण, मग बाकी सगळे' असे म्हणणारा बाप शाळेच्या फीतला एक रुपया कमी होऊ नये म्हणून घराचे छप्पर गळू देत नाही, हे मान्य. तरी प्रश्न उरतो: तो तसा नाही हे आपल्याला कळले कसे? त्यासाठी दुसऱ्या समजुतीकडे, पसरवण्याच्या प्रश्नाकडे यायला हवे.

प्रत्यक्षात सगळी पसंती कुणालाच ठाऊक नसते. ठाऊक असतात काही थोडे निवाडे आणि एक साधा नियम: सगळ्या बाबतींत जे सरस ते एकूणही सरस. हा नियम न मोडणाऱ्या, म्हणजे सरस वस्तूला कमी आकडा न देणाऱ्या फलनाला चढते फलन म्हणू. डोंबिवलीत भाड्याची घरे पाहणारा एजंट घ्या. समजा, घराचे दोनच गुण मोजायचे: क्षेत्रफळ आणि स्टेशनपासूनचे अंतर. 450 चौरस फुटांचे, स्टेशनपासून 20 मिनिटांवरचे घर 12,000 रुपयांना गेले. 650 चौरस फुटांचे, 10 मिनिटांवरचे 20,000 ला. आता 550 चौरस फुटांचे, 15 मिनिटांवरचे घर आले. ते पहिल्यापेक्षा दोन्ही बाबतींत सरस, दुसऱ्यापेक्षा दोन्ही बाबतींत कमी. तेव्हा भाडे 12,000 आणि 20,000 च्या मध्ये. याहून अधिक काही म्हणाल तर ते तुमचे मत. माहितीत ते नाही. आणि 700 चौरस फुटांचे पण 40 मिनिटांवरचे घर आले तर? ते दुसऱ्यापेक्षा मोठे, पण पहिल्यापेक्षाही लांब. दोन्ही ज्ञात घरांशी त्याची तुलनाच होत नाही. त्याचे भाडे 5,000 म्हणा नाहीतर 50,000, चढतेपणाचा नियम कुठेही मोडत नाही.

गणितात याची कृती ठरलेली आहे. नव्या वस्तूच्या खाली येणाऱ्या ज्ञात वस्तू गोळा करा, त्यांतला सर्वांत मोठा आकडा ही तळाची मर्यादा. तिच्या वर येणाऱ्या ज्ञात वस्तूंतला सर्वांत लहान आकडा ही माथ्याची मर्यादा. चढत्या फलनाचा कोणताही विस्तार या दोन मर्यादांच्या मधूनच जातो. तळ आणि माथा जिथे जवळ, तिथे आपल्याला काहीतरी ठाऊक आहे. जिथे लांब, तिथे नाही. इतके प्रामाणिक उत्तर आकडेशास्त्रात क्वचितच मिळते, आणि नेमके तेच सर्वांत कमी छापले जाते.

विस्तार नुसता चढता नको, संततही हवा, असे म्हटले की काम अवघड होते. नुसत्या सातत्याचा प्रश्न टिट्झेने 1915 मध्ये आणि उरिसोनने त्यानंतर व्यापक रूपात सोडवला होता. (उरिसोन 1924 साली ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाला, वयाच्या 26 व्या वर्षी, त्याचा प्रसिद्ध लेख त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.) क्रम आणि सातत्य दोन्ही एकदम सांभाळायचे कसे, हे लिओपोल्दो नाखबिन या ब्राझिलियन गणितज्ञाने 1950 च्या पोर्तुगीज पुस्तकात मांडले. ठाऊक असलेल्या वस्तूंचा संच मर्यादित आणि बंदिस्त असेल, गणिताच्या भाषेत कॉम्पॅक्ट असेल, तर संतत चढते फलन तसेच संतत आणि चढते ठेवून सगळीकडे पसरवता येते, हे त्याचे प्रमेय आपल्या कामाचे.

संच कॉम्पॅक्ट नसेल तर काय होते हे एका उदाहरणात पाहू. एका नोकरदार बाईंची सध्याची स्थिती शून्य धरा. बदल दोन प्रकारचे: पगारात हजार रुपयांचा आणि घरी मिळणाऱ्या वेळात तासांचा. पहिल्या प्रकारचे प्रस्ताव असे: पगार 1 हजाराने जास्त, वेळ 1 तासाने कमी, पगार 2 हजाराने जास्त, वेळ अर्ध्या तासाने कमी, पगार 100 हजाराने जास्त, वेळ तासाच्या शंभराव्या हिश्शाने कमी, असे अनंतापर्यंत. बाई या सगळ्यांना 0 गुण देतात. दुसऱ्या प्रकारचे प्रस्ताव बरोबर उलट: पगार 100 हजाराने कमी, वेळ तासाच्या शंभराव्या हिश्शाने जास्त, वगैरे. (पगार शून्याखाली जाईल याची चिंता गणितज्ञ करत नाही.) या सगळ्यांना बाई 1 गुण देतात. पहिल्या प्रकारातला प्रस्ताव दुसऱ्या प्रकारातल्याशी तुलनेत येतच नाही, एकात पगार जास्त तर दुसऱ्यात वेळ. त्यामुळे नियम मोडलेला नाही.

आता हे गुण सगळीकडे पसरवा. पगार तोच, वेळ तासाच्या शंभराव्या हिश्शाने कमी: ही स्थिती पहिल्या प्रकारातल्या शंभराव्या प्रस्तावाच्या खाली येते, म्हणून तिला फार तर 0. पगार तोच, वेळ तेवढ्याच हिश्शाने जास्त: ही दुसऱ्या प्रकारातल्या शंभराव्या प्रस्तावाच्या वर येते, म्हणून तिला निदान 1. शंभराच्या जागी हजार घ्या, लाख घ्या. दोन्ही स्थिती सध्याच्या स्थितीला येऊन भिडतात, एक खालून 0 घेऊन, दुसरी वरून 1 घेऊन. संतत फलनाला सध्याच्या स्थितीत 0 हून जास्त नाही आणि 1 हून कमी नाही असे मूल्य द्यावे लागेल. तसा आकडा नाही. म्हणजे चढता विस्तार आहे, पण संतत चढता विस्तार नाही.

या बाई कोण आहेत हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. वेळाच्या कणापुढे पगाराचा डोंगर कस्पटासमान मानणारी ती कोशक्रमाचीच व्यक्ती आहे. देब्रूच्या प्रमेयातून बाहेर काढलेला पाहुणा विस्ताराच्या प्रश्नात मागच्या दाराने परत आला. दोन्हीकडचा अडथळा मुळात एकच आहे, असे मला वाटते, आणि तो नेहमी अनंताच्या टोकाला बसलेला असतो.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. बाईंना शंभर प्रश्न विचारून थांबा, लाख प्रश्न विचारून थांबा. प्रश्न सांत आहेत, म्हणजे संच कॉम्पॅक्ट, म्हणजे नाखबिनच्या प्रमेयानुसार संतत चढता विस्तार हमखास सापडतो. 1967 मध्ये अफ्रियाटने ग्राहकाच्या खरेदीबद्दलही याच जातीचा निकाल दिला: काही ठरावीक खरेदी सुसंगत असल्या की त्यांना जुळणारे संतत, चढते आणि वर सुरेख वळणाचे उपयोगिता फलन काढता येतेच. अर्थशास्त्रज्ञ हा निकाल अभिमानाने सांगतात. मी तो उलटा वाचतो. कोणतीही सांत माहिती सातत्याला खोटे पाडू शकत नसेल, तर सातत्य हा माणसांबद्दल लागलेला शोध नव्हे, आपण घातलेली अट आहे. अट सोयीची आहे, मीही ती मुकाट्याने वापरीन. पण 'माणसे तशी वागत नाहीत' या वाक्यामागे पुरावा नसून सोय आहे, हे लिहिणाऱ्याने मान्य करावे.

सातत्याचा आग्रह सोडून नुसता क्रम पूर्ण करायचा म्हटले तर मोकळीक अमर्याद. एडवर्ड श्पिलरायनने 1930 साली वॉर्साच्या 'फुंडामेंटा मॅथेमॅटिके' या नियतकालिकात सिद्ध केले की कोणताही अर्धवट क्रम, विसंगती न आणता, पूर्ण क्रमापर्यंत नेता येतो. (जर्मन ताब्यातल्या पोलंडमध्ये जीव वाचवण्यासाठी त्याने मार्चेव्स्की हे नाव घेतले आणि पुढे तेच राहिले.) ज्या दोन वस्तूंची तुलना होत नाही त्यांत कुणालाही वर ठेवा, चालते. मग पुढची जोडी. एकमेकांशी तुलना न होणाऱ्या दहा वस्तू असतील तर त्यांची रांग 36,28,800 प्रकारे लावता येते आणि प्रत्येक रांग मूळ माहितीशी तितकीच प्रामाणिक. 1941 मध्ये दश्निक आणि मिलर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. अर्धवट क्रमाचे सगळे पूर्ण विस्तार एकत्र घ्या आणि ज्यावर त्या सगळ्यांचे एकमत आहे तेवढेच ठेवा; हाती उरतो तो मूळचा अर्धवट क्रम. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. एखाद्या विस्तारात जे जादा दिसते ते सगळे विस्तारणाऱ्याचे.

रॉबर्ट ऑमनने 1962 मध्ये अर्थशास्त्राला याची जाणीव करून दिली. उपयोगितेच्या सिद्धांतातल्या गृहीतकांत 'कोणत्याही दोन गोष्टींची तुलना करता येतेच' हे गृहीतक सर्वांत शंकास्पद आहे, असे त्याचे मत. त्याने ते गृहीतक सोडले आणि एकेरी आकड्यावर समाधान मानले: वस्तू सरस असेल तर आकडा मोठा, पण आकडा मोठा म्हणून वस्तू सरस असेलच असे नाही. 1970 मध्ये पेलेगने यात सातत्य आणले. तरी एकेरी आकड्यात एक खोट राहते. तो आकडा पाहून कुठे तुलना होती आणि कुठे नव्हती हे परत काढता येत नाही. अज्ञान आकड्याच्या पोटात विरघळून जाते.

यावरचा उपाय मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत सुंदर वाटतो. एका फलनाऐवजी अनेक फलने घ्या. अ ही वस्तू ब हून सरस तेव्हाच, जेव्हा त्यांतले प्रत्येक फलन तसे म्हणते. एकानेही नकार दिला तर तुलना नाही. इतकी फलने मिळतात कशी? इथे विस्ताराचे प्रमेय कामाला येते. अ ब हून सरस नसेल, तर फक्त त्या दोन वस्तूंवर फलन लिहा: अ ला 0, ब ला 1. दोनच बिंदूंचा संच, कॉम्पॅक्ट, नियम मोडलेला नाही. ते सगळीकडे पसरवा. झाला एक साक्षीदार, जो सांगेल की अ ला सरस म्हणू नका. प्रत्येक अतुल्य जोडीमागे असे साक्षीदार उभे करा. एफे ओक यांनी 2002 मध्ये अशा अनेक-फलनी मांडणीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यानंतर या दिशेने बरेच काम झाले. फलन पसरवणे आणि पसंती मांडणे हे दोन प्रश्न इथे एक होतात.

आता जमिनीवर येऊ. मानव विकास निर्देशांक 1990 मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने सुरू झाला. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न. तिन्हींत पुढे असलेला देश पुढे, हा नैसर्गिक अर्धवट क्रम. त्याचे एका आकड्यात रूपांतर म्हणजे चढत्या फलनाची निवड. 2009 पर्यंत ती साधी सरासरी होती, 2010 पासून गुणोत्तर मध्य आला. अमर्त्य सेन यांना एवढ्या गोष्टी एका आकड्यात दाबण्याबद्दल सुरुवातीला शंका होती, हे त्यांनीच लिहिले आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला टक्कर द्यायला तितकाच ढोबळ आकडा हवा, या हक यांच्या युक्तिवादाने ते राजी झाले. 2010 च्या सूत्रावर मार्टिन रॅव्हेलियन यांनी बोट ठेवले ते असे: त्या सूत्रात गरीब देशातल्या आयुष्याच्या एका जादा वर्षाचे उत्पन्नाच्या भाषेतले मोल श्रीमंत देशातल्या वर्षाच्या मानाने अगदी नगण्य ठरते. हे कुणी ठरवले? समितीत कुणीही हात वर करून ठरवले नसेल. फलन निवडले, आणि मोल त्याच्याबरोबर आले.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये विभागीय अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशी तुलना, आणि जिथे जिल्हा मागे तिथे ती तूट भरून काढायला लागणारा खर्च. राज्याची बेरीज आली सुमारे 3,186 कोटी रुपये. समितीने क्षेत्रवार तक्ते दिले, ही तिची मोठी पुण्याई. पुढच्या चाळीस वर्षांच्या राजकारणाने मात्र बेरजाच उचलल्या. बेरीज हे उलट्या दिशेने मोजलेले चढते फलन आहे, तेही लंगडे चढते, कारण सरासरीच्या वर असलेला जिल्हा आणखी वर गेला तरी त्याचा अनुशेष शून्यच. आणि त्या बेरजेत वजने आहेत ती खर्चाची. सिंचन महाग, म्हणून अनुशेषात सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा. शिक्षक स्वस्त, म्हणून शिक्षणातली तूट रुपयांत लहान दिसते. तूट भरायला किती पैसे लागतील, या प्रश्नाचे हे उत्तर बिनचूक आहे. कोणता जिल्हा अधिक मागास, याचे ते उत्तर नव्हे. दोन्ही प्रश्न एकच आहेत असे समजून आपण विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी भांडणे लढलो.

उच्च शिक्षण संस्थांच्या 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय क्रमवारीत हीच कथा. तिच्या सर्वसाधारण गटात अध्यापन आणि साधनसामग्रीला 30, संशोधनाला 30, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लोकमानसातल्या प्रतिमेला 10 टक्के. सर्वसमावेशकता आणि प्रतिमा यांचे वजन सारखे का? कारण तसे लिहिले आहे. एवढे प्रामाणिकपणे म्हटले असते तरी चालले असते. पण पेढे वाटले जातात आणि फलक लागतात ते जणू वजनकाट्यावर तोलून आल्याच्या थाटात.

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. अर्धवट क्रमाने निधी वाटता येत नाही. 'तुलना होत नाही' असे फाइलवर लिहिले की ती मोकळी जागा पालकमंत्री भरतात. सूत्र वाईट असेल, पण ते दुबळ्या जिल्ह्याला लहरीपासून वाचवते. हे अगदी खरे आहे. सेन यांनी दोन गवताच्या गंज्यांमध्ये ठरवता न आल्याने उपाशी मेलेल्या गाढवाची जुनी गोष्ट याच संदर्भात वापरली. गाढवाला 'सर्वोत्तम' गंजी शोधायची गरज नव्हती, ज्याहून सरस दुसरी नाही अशी कोणतीही पुरली असती. निवड करायला पूर्ण क्रम लागत नाही. निवड करावी लागली म्हणून पूर्ण क्रम सापडला असेही होत नाही. सूत्र वापरा, जरूर वापरा, पण ते निर्णय म्हणून वापरा आणि त्याखाली सही करा. या बाबतीत जेईईचा बरोबरी सोडवण्याचा नियम मला निर्देशांकांहून सरळ वाटतो. आधी गणित पाहू, असे तो उघड सांगतो. गणितवाला विद्यार्थी 'खरोखर' श्रेष्ठ आहे असा दावा तो करत नाही.

तळ आणि माथा या दोन मर्यादा काढायला आज फारसे काही लागत नाही. पाच-सहा घटक, 36 जिल्हे, वजनांवर 'कोणतेही ऋण नाही, बेरीज 100' एवढीच अट. प्रत्येक जिल्हा वजनांच्या कोणत्याही मांडणीत वरच्या टोकाला किती जाऊ शकतो आणि खालच्या टोकाला किती, हे साधा लॅपटॉप काढून देतो. जो जिल्हा कोणत्याही वजनाने तळातच राहतो, त्याच्याबद्दल वाद घालायचे कारण उरत नाही. ज्याचे दोन आकडे एकमेकांपासून खूप लांब, त्याच्या क्रमांकावरून मोर्चे काढण्यात किंवा सत्कार करण्यात हशील नाही. जिल्ह्यांचे, शहरांचे, विद्यापीठांचे निर्देशांक काढणाऱ्या सर्व मंडळींना म्हणून एवढीच विनंती: क्रमांकाच्या रकान्याशेजारी हे दोन रकाने छापा. आणि वृत्तपत्रांनी मथळा करताना तिन्ही आकडे पाहावेत.